थॉर्प, डॉर्फ, डॉर्प

थॉर्प हा जुना जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच वगैरे भाषांच्या कुळातला शब्द आहे, अर्थ छोटं गाव, खरं तर वाडी. इंग्लंडात थॉर्प, जर्मनीत डॉर्फ, नेदरलँड्समध्ये डॉर्प, स्वीडनमध्ये टॉर्प, आणि डेन्मार्कमध्ये झिजून झिजून गावाच्या नावामागे नुसतं -रुप किंवा -ट्रुप राहिलंय.

वाडी म्हटलं कारण तोच शब्द इथे चपखल बसतो. मूळ गाव एकीकडे आणि त्याच्याच शिवारात थोडं लांब, शेताजवळ राहायला गेलेली चार घरं, असलं काहीतरी. इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये बर्नम नावाची बरीच गावं जवळजवळ आहेत, त्यातलं एक बर्नम थॉर्प म्हणजे सरळ बर्नमवाडी, आणि अॅडमिरल नेल्सन 1758 मध्ये तिथेच जन्मला. गॉथिक ही जर्मॅनिक कुळातली खूप जुनी लिखित भाषा, तिच्यात हाच शब्द शेत, जमीन अशा अर्थाने येतो, त्यामुळे आधी शेत आणि मग शेतावरची वस्ती असा अर्थ सरकत गेला असावा असं मला वाटतं.

आता थॉर्प आणि डॉर्फ एकच कसे? इंग्रजीतला थ जर्मनमध्ये ड होतो आणि र नंतरच्या प चा फ होतो. थ्री म्हणजे द्राय, थॉर्न म्हणजे डॉर्न, शार्प म्हणजे शार्फ. थ्री आणि थॉर्न आपल्यालाही परके नाहीत, संस्कृतातले त्रि आणि तृण त्यांचेच नातेवाईक, म्हणजे जिथे आपल्याकडे त राहिला तिथे जर्मॅनिक भाषांनी थ केला आणि जर्मनने पुढे त्याचा ड केला. एवढं लक्षात ठेवलं तरी युरोपचा नकाशा वाचायला वेगळीच मजा येते.

दुसरी गंमत म्हणजे र ची उडी. आपण बोलताना नुकसानचं नुसकान करतो ना, तसंच थॉर्पचं थ्रॉप झालं. जर्मनीतलं बोट्रॉप, इंग्लंडातलं अॅडलस्ट्रॉप, आणि 1630 मध्ये मॅसॅच्युसेट्सला गेलेला गव्हर्नर जॉन विनथ्रॉप, सगळे त्यातलेच. 1733 मध्ये जॉर्जिया वसाहत उभी करणाऱ्या ओगलथॉर्पच्या आडनावात मात्र र जागेवरच आहे.

इंग्लंडात थॉर्पवाली गावं सगळ्यात दाट यॉर्कशायर, लिंकनशायर या पट्ट्यात, कारण नवव्या शतकात तिथे डॅनिश लोक येऊन स्थायिक झाले. स्कनथॉर्प म्हणजे स्कूमा नावाच्या माणसाची वाडी, आणि स्कूमा हे नावच नॉर्स, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतलं आहे. पण शब्द फक्त त्यांनीच आणला असं नाही, जुन्या इंग्रजीतही तो होताच.

आडनावं कशी झाली ते मराठी माणसाला समजावायला नको. गाव सोडलं की लोक गावाच्या नावाने ओळखतात. इंग्रजांनी गावाचं नाव तसंच लावलं, म्हणून क्रिकेटचा ग्रॅहम थॉर्प आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोहण्यात तीन गोल्ड जिंकणारा इयान थॉर्प. जर्मनांनी मात्र पुढे -अर जोडला, तो हुबेहूब आपला -कर. नोयडॉर्फर म्हणजे नवेगावकर!

वाडीचं शहर झालं तरी नाव सुटत नाही. ड्युसेलडॉर्फ म्हणजे ड्युसेल नावाच्या ओढ्याकाठचं गाव, वोरिंगनच्या लढाईनंतर 1288 मध्ये त्याला शहराचे हक्क मिळाले, आज ती नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याची राजधानी आहे, लोकसंख्या सहा लाखांच्या वर, आणि नाव अजून गावच. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर्सडॉर्प तर 1887 मध्ये सोन्याच्या खाणींमुळे उभं राहिलं आणि तिथल्या डच वंशाच्या बोअर लोकांचा अध्यक्ष पॉल क्रूगर याच्या नावाला तोच डॉर्प जोडला गेला.

स्वीडनमध्ये उलट झालं. तिथे टॉर्प आक्रसत आक्रसत एका कुळाच्या घरापुरता उरला, म्हणजे मालकाच्या जमिनीवर राबून त्या बदल्यात मिळालेलं छोटंसं घर आणि शेताचा तुकडा. त्यातली कितीतरी लाल रंगाची लाकडी घरं आता शहरातले लोक उन्हाळ्यात सुट्टीला राहायला वापरतात आणि त्यांनाही टॉर्पच म्हणतात.