गर्भाशय बेंबीपाशी असतं तेव्हा

बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन कधी करायचं, हे बरंचसं गर्भाशय त्या दिवशी कुठे आहे यावर ठरतं.

बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आकसतं, पण लगेच खाली उतरत नाही. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या आसपास टणक गोळा लागतो, तो त्याचा माथा. ऑपरेशनात ज्या बांधून कापतात त्या गर्भनलिका याच माथ्याच्या दोन कोपऱ्यांतून निघतात, म्हणजे त्याही तेव्हा पोटाच्या भिंतीला लागूनच असतात. बेंबीखाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद पुरतो. नळी अलगद वर घेऊन टोकाची झालर दिसेपर्यंत डॉक्टर तिचा माग काढतात, कारण शेजारचा गोल बंध (गर्भाशयाला धरून ठेवणारी दोरी) वरवर तिच्यासारखाच दिसतो. खात्री पटली की नळीचा वेढा बांधून मधला तुकडा कापतात. सिझेरियन असेल तर वेगळा छेदही लागत नाही.

पुढे गर्भाशय रोज साधारण एक सेंटिमीटर खाली सरकतं आणि दोन आठवड्यांत ओटीपोटात दिसेनासं होतं. मधल्या काळात ते बेंबीकडून हाती लागत नाही आणि खालूनही सोयीचं नसतं. शिवाय नळ्या सुजलेल्या, नाजूक असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते: पहिल्या 7 दिवसांत करा, नाहीतर 6 आठवडे थांबा. ताप, जास्त रक्तस्राव किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर थांबणंच बरं.

थांबताना मात्र एक गोष्ट हमखास विसरली जाते. पाळी येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी बीज सुटतं. अंगावर पाजत नसलेल्या बाईत ते चौथ्या आठवड्यातही सुटू शकतं. 'अजून पाळी आली नाही' या भरवशावर राहू नका, तोवर दुसरं साधन वापरा.

ऑपरेशन पहिल्या आठवड्यात असलं तरी निर्णय तेव्हाचा नसावा. अमेरिकेतल्या 'क्रेस्ट' अभ्यासात तिशीच्या आत नसबंदी केलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के स्त्रियांनी 14 वर्षांत पश्चात्ताप व्यक्त केला. तिशीनंतर केलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होतं. कळा सुरू असताना घेतलेल्या सहीला मी संमती म्हणणार नाही. हे बोलणं गरोदरपणातच, तपासणीच्या वेळी, निवांत व्हायला हवं, आणि त्यात नवऱ्याच्या नसबंदीचाही विषय निघावा. तिला बाळंतपणाच्या वेळेचं बंधन नाही. ती सोपी आहे, पोट उघडावं लागत नाही. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते.