आरव म्हणजे शांत? नाही हो, उलट आहे!

मुलांच्या नावांच्या साइट्सवर, व्हॉट्सॲपच्या याद्यांमध्ये आरवचा अर्थ "शांत" असा दिलेला असतो आणि लोक तोच पुढे ढकलत राहतात. पण हे चुकीचंय. संस्कृतमध्ये आरव म्हणजे आवाज, नाद, ओरडणं सुद्धा. "रव" म्हणजेच ध्वनी, आणि हा शब्द आपल्याला परका नाहीच, कलरव म्हणजे पक्ष्यांचा किलबिलाट, घंटारव म्हणजे घंटेचा नाद, आणि कोंबडा पहाटे आरवतो ना, ते आरवणं पण ह्यातलंच. शांत अर्थाचं नाव हवं असेल तर ते नीरव, ज्यात रव नाही असा.

अक्षय कुमार-ट्विंकल खन्नाच्या मुलाचं हेच नाव, त्याचा जन्म २००२ चा, त्यानंतर आरव घराघरात ऐकू यायला लागलं, म्हणायला सोपं, तीनच अक्षरं, अमेरिकेतल्या आजीआजोबांच्या शेजाऱ्यांनाही जमतं.

ज्यांनी आधीच ठेवलंय त्यांनी प्लीज वाईट वाटून घेऊ नका, नाव बदलायची तर अजिबात गरज नाही. नाद हा किती सुंदर अर्थ आहे! फक्त बारशाच्या पत्रिकेत, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये "शांत" लिहू नका, पोराला खरा अर्थ सांगा.