मळी साखरेची, मद्यार्क कुणाचा?

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या आवारात शिरलं की मळीचा आंबूस वास नाकात बसतो. साखर काढून उरलेला हा काळा, चिकट पाक आसवनीत जातो आणि त्याचं स्पिरिट होतं. त्या स्पिरिटवर हक्क दिल्लीचा की राज्याचा, हे ठरायला २०२४ साल उजाडावं लागलं.

केंद्र आणि प्रांतांमधल्या अधिकारांच्या वाटणीची सुरुवात १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांपासून. प्रांतांकडची खाती तेव्हा ‘राखीव’ आणि ‘सोपीव’ अशी विभागली गेली. पोलीस गव्हर्नरच्या हाती राहिले. अबकारी, म्हणजे दारूचं खातं, मात्र बहुतेक प्रांतांत लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने विषयांच्या तीन सूच्या केल्या. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या संघ, राज्य आणि समवर्ती सूच्या त्याच साच्यातल्या. मद्य दोन्हीकडे प्रांतांच्या, म्हणजे राज्यांच्याच वाट्याला राहिलं. १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, ती याच अधिकारात. १९४९ चा दारूबंदी कायदा तर नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. मद्यपानाचा परवाना त्याखालीच मिळतो. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बव्हंशी टिकवला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं त्याच्या कचाट्यातून सोडवली.

खरा गुंता पुढे झाला. संघ सूचीतल्या ५२ व्या नोंदीनुसार, संसदेने लोकहितासाठी जाहीर केलेले उद्योग केंद्राच्या नियंत्रणात जातात. त्यात आंबवण्याचे उद्योगही आले. म्हणून १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलं, की राज्यांचा अधिकार पिण्याच्या मद्यापुरताच; औद्योगिक मद्यार्क केंद्राचा. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल फिरवला; औद्योगिक मद्यार्कही राज्यांच्या अधिकारात आला. न्या. नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं.

राज्यांच्या दृष्टीने हा पैशाचाही प्रश्न होता. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकातीपासून विक्रीकरापर्यंत बरंच काही हातून गेलं. पिण्याचं मद्य आणि पेट्रोल-डिझेल तेवढं उरलं. पण मला बहुमताचा निकाल पटतो तो दुसऱ्या कारणाने. कारखान्यासाठी निघालेलं रसायन वाटेत गळून गुत्त्यावर पोचलं, तर निस्तरावं राज्यालाच लागतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, तेव्हा तपास मुंबई पोलिसांकडेच आला.