कृत्रिम रक्तवाहिनीचे अस्तर

महाधमनीचा खराब झालेला भाग काढून तेथे डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांची, नळी शिवणे ही आता रुळलेली शस्त्रक्रिया आहे, आणि अशी नळी वर्षानुवर्षे बिनतक्रार काम करते. हीच नळी 6 मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाची केली, तर मात्र ती लवकर बुजण्याची भीती असते. म्हणूनच हृदयाच्या बायपाससाठी शल्यविशारद आजही रुग्णाच्याच पायातली शीर किंवा छातीतली धमनी वापरतात; ज्यांच्या शिरा आधीच वापरून झाल्या आहेत किंवा निकामी आहेत, त्यांच्यापुढे फारसे पर्याय उरत नाहीत.

पदार्थ आणि रक्त तेच असूनही हा फरक पडतो तो भूमितीमुळे. रुंद नळीच्या भिंतीवर गुठळीचा पातळ थर बसला तरी वेगाने वाहणाऱ्या रक्ताला वाट उरते. अरुंद नळीत तेवढाच थर मोठा अडथळा ठरतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो: त्रिज्या 20 टक्क्यांनी घटली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सुमारे 41 टक्केच उरतो.

गुठळीची सुरुवात फार लवकर होते. रक्त कृत्रिम पृष्ठभागाला लागले की काही सेकंदांतच त्यातली प्रथिने तेथे चिकटतात. आधी विपुल आणि चपळ प्रथिने जागा पकडतात, मग अधिक घट्ट चिकटणारी प्रथिने त्यांना हटवतात. लिओ व्रोमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम आहे. चिकटलेल्या फायब्रिनोजेनचा, म्हणजे रक्त गोठवण्यात भाग घेणाऱ्या प्रथिनाचा, आकार बदलतो, एरवी झाकलेले त्याचे भाग उघडे पडतात आणि प्लेटलेट तेथे अडकू लागतात. थोडक्यात, रक्तपेशींची गाठ टेफ्लॉनशी किंवा पॉलिएस्टरशी जवळजवळ पडतच नाही. पडते ती त्यावर बसलेल्या प्रथिनांशी.

निरोगी रक्तवाहिनीच्या आत एंडोथेलियम नावाचे एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना आवरते, तर त्याच्यावरचे थ्रॉम्बोमोड्युलिन हे प्रथिन गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच गुठळीविरोधी कामाला जुंपते. त्यामुळे नुसत्या गुळगुळीत, निष्क्रिय पृष्ठभागाकडून अशा कामाची अपेक्षा ठेवणे मला अपुरे वाटते.

या अस्तराचे निदान एक काम उसने घेता येते. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे रेणू नळीच्या भिंतीला केवळ एका टोकाने जोडले, तर त्यांचा क्रियाशील भाग रक्तात मोकळा राहतो आणि ते थ्रॉम्बिनला रोखण्यास मदत करतात. विस्तारित, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेल्या, टेफ्लॉनच्या अशा नळ्या प्रत्यक्ष वापरात आहेत.

खरे अस्तरच उगवू देण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. 1947 मध्ये आर्थर व्हॉरहीस या तरुण शल्यविशारदांना कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी टाक्यावर काही महिन्यांनी चकचकीत पापुद्रा चढलेला दिसला. कापडाच्या नळीलाही आतून असेच अस्तर येईल, या विचारातून त्यांनी व्हिन्यॉन-एन कापडाच्या नळ्या शिवल्या आणि 1952 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र प्राण्यांच्या शरीरात असे अस्तर बऱ्याचदा नळीभर पसरते, तर माणसात ते नळी आणि धमनी यांच्या जोडापासून एक-दोन सेंटीमीटर सरकून थांबते. प्राण्यांवरच्या उत्साहवर्धक निकालांकडे सावधपणे पाहायचे ते यासाठी.

मग पेशी आधीच पेरण्याचे, पेशींना धरून ठेवणारे छोटे प्रथिनतुकडे भिंतीला जोडण्याचे किंवा रक्तात फिरणाऱ्या, पुढे अस्तराच्या पेशी बनू शकणाऱ्या पूर्वज पेशींना प्रतिपिंडांनी पकडण्याचे प्रयोग झाले. पेरलेल्या पेशी प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि प्रतिपिंडे नको त्या पेशीही पकडतात, या अडचणी त्यात आल्याच.

पृष्ठभाग उत्तम असला तरी भागत नाही. नैसर्गिक धमनी प्रत्येक ठोक्याला किंचित फुगते, तिला जोडलेली ताठर नळी फुगत नाही. त्यामुळे जोडाजवळ ताण आणि प्रवाह दोन्ही बिघडतात. याला प्रतिसाद म्हणून तेथे स्नायुपेशी वाढतात आणि आतली वाट हळूहळू अरुंद होते. पहिले काही आठवडे गुठळीपासून वाचलेली नळी पुढे या वाढीमुळे बंद पडू शकते. लवचीक पॉलियुरेथेन किंवा विद्युत्-दाबाने काढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या नळ्यांवर संशोधन चालते त्यामागे हेही एक कारण आहे.

लॉरा निक्लासन यांच्या संशोधनातून आलेल्या पद्धतीत दात्यांच्या स्नायुपेशी विरघळणाऱ्या जाळीवर वाढवतात, त्यांना कोलाजेनची नळी विणू देतात आणि मग त्या पेशीच धुऊन काढतात. परक्या पेशी न उरल्याने शरीराने नळी नाकारण्याची शक्यता घटते आणि रुग्णाच्या पेशी तिच्यात शिरू शकतात. अशा 6 मिलिमीटर व्यासाच्या नळीला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली, तीही हातापायांच्या धमनीला गंभीर इजा झाली असून रुग्णाची शीर वापरणे शक्य नसेल तेव्हासाठीच. नळी फाटून किंवा जोड सुटून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, असा ठळक इशारा तिच्या माहितीपत्रकात दिलेला आहे.