लेप्टोच्या गोळीपासून आयव्हरमेक्टिनपर्यंत

पाऊस सुरू झाला की सिंधुदुर्गात लावणीच्या चिखलात उतरणाऱ्यांना आरोग्य केंद्राकडून डॉक्सिसायक्लिन मिळते. आठवड्याला २०० मिलिग्रॅम. गावात तिला हे लांबलचक नाव कोणी घेत नाही; ती ‘लेप्टोची गोळी’, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापापासून वाचवणारी. औषध मूळचे साधे प्रतिजैविक. १९८२ साली पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांवर त्याची चाचणी झाली. साधारण निम्म्यांना खरी गोळी, उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाच्या वाट्याला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. बिनऔषधवाल्या गटात २० जणांना लेप्टो झाला, गोळीवाल्या गटात एकाला. एवढा ढळढळीत फरक औषधशास्त्रात क्वचितच दिसतो.

कोकणात या गोळीवर विश्वास बसला तो असा, आणि रास्तच. पण २०२१च्या उन्हाळ्यात हा विश्वास एक पायरी पुढे गेला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरीच असलेल्या रुग्णांच्या पुडक्यात जंतांवरचे आयव्हरमेक्टिन, झिंक, क जीवनसत्त्व यांच्या जोडीला डॉक्सिसायक्लिनही दिसू लागले. लेप्टोला चालते, मग कोरोनाला का नको? लेप्टो जिवाणूचा आणि कोरोना विषाणूचा, हा भेद तापाने फणफणलेल्या माणसाला कोण समजावणार!

खरी मेख वेगळीच आहे. घरी बसून बहुतेकांचा ताप आपोआप उतरतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे पोटात गेले, मग ती गोळी असो की काढा, त्याला श्रेय मिळते. समजा शंभरातल्या पाच रुग्णांना रुग्णालयात न्यावे लागते आणि औषधाने ते चारवर आले. हा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सहा-सात हजार रुग्ण लागतात. एकट्या डॉक्टरच्या अनुभवाला, तो कितीही मुरलेला असो, हे दिसणे शक्यच नाही.

म्हणून ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डने ‘प्रिन्सिपल’ नावाची चाचणी थेट घरच्या रुग्णांवर उभारली. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाही, हे तिने जानेवारी २०२१मध्येच जाहीर केले. आपली दुसरी लाट त्यानंतरची. म्हणजे उत्तर हाती असताना पुडकी बांधली जात होती. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोचते ते हेच.

आयव्हरमेक्टिनची कुळकथा रंजक आहे. जपानमधल्या इतो शहराजवळच्या गोल्फ मैदानाच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी जो सूक्ष्मजीव वेगळा केला, त्यातून हे जंतांवरचे औषध आले. २०१५चे नोबेल त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना मिळाले. एप्रिल २०२०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काचपात्रातल्या पेशींवर ते वापरले. ४८ तासांत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सुमारे पाच हजार पटींनी घटला. मात्र त्या पेशींना दिलेली मात्रा नेहमीच्या गोळ्यांनी माणसाच्या रक्तात गाठता येत नाही. ही अर्धी ओळ बातमीत गळाली.

शेजारच्या गोव्यात १० मे २०२१ रोजी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना पाच दिवस १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी चाचणीबाहेर ते वापरू नये, असे जाहीरपणे म्हटले. जुलैमध्ये, आयव्हरमेक्टिनच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा इजिप्तमधला अभ्यास आकडेवारीवर गंभीर शंका आल्याने मागे घेतला गेला. भारताच्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेतून ते त्याच सप्टेंबरात गेले. मार्च २०२२मध्ये ब्राझीलच्या १३५८ रुग्णांचे निकाल आले: आयव्हरमेक्टिन घेतलेल्या ६७९ पैकी १०० जणांची तब्येत खालावली, न घेतलेल्या ६७९ पैकी १११ जणांची. फरक नगण्य.

सगळेच फसले असे नाही. दम्याच्या फवाऱ्यातले ब्युडेसोनाइड ‘प्रिन्सिपल’मध्ये बरे होण्याचा काळ सुमारे तीन दिवसांनी कमी करताना दिसले. फ्लुव्होक्सामिन या नैराश्याच्या औषधाने ब्राझीलमध्ये आशा दाखवली, पण अमेरिकेत कमी मात्रेत दिल्यावर ती टिकली नाही. मधुमेहाचे मेटफॉर्मिन मात्र वेगळ्याच वाटेने उजवे ठरले: लागण झाल्यावर लगेच घेणाऱ्यांत दीर्घ कोविडचे (महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासाचे) निदान ६.३ टक्क्यांत झाले, इतरांत १०.४ टक्क्यांत.

पूरक गोळ्यांची गत थोडक्यात सांगता येते. झिंक आणि मोठ्या मात्रेतले क जीवनसत्त्व यांची अमेरिकेत २१४ रुग्णांवर चाचणी झाली. फायदा दिसण्याची शक्यताच न उरल्याने ती मध्येच थांबवली. गुळवेल घरोघरी उकळली गेली. २०२०च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य झाली नाही.

सिंधुदुर्गातल्याच दोडामार्गच्या काजूबागांत २०१६पासून माकडताप येतो. तोही विषाणूचाच, गोचिडीतून येणारा. त्यावर नेमके औषध आजही नाही; सलाईन, पॅरासिटामॉल आणि रक्तस्रावावर बारीक लक्ष, एवढाच उपचार. तिथे अजून कोणी पुडकी वाटत नाही, इतकेच.