कर कमी केला की तिजोरी भरते?

‘दर कमी करा, लोक जास्त कमावतील, आपोआप जास्त कर जमा होईल’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. दर ९० टक्क्यांच्या घरात असेल तर तो उतरवून वसुली वाढूही शकते. पण मुळात एक आकडी असलेला दर कापल्यावर काय होतं?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये हे करून पाहिलं. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला. आता साधं त्रैराशिक मांडा: तेवढीच वसुली हवी तर करपात्र उत्पन्न जवळपास ३२ टक्क्यांनी फुगायला हवं. तसं कुठलं फुगायला!

त्यातही खरी गोम दुसरीच होती. मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात दाखवल्या जाणाऱ्या धंद्याच्या नफ्यावर कर थेट शून्य. म्हणजे पगार घेतला तर कर, तीच रक्कम स्वतःच्या फर्मचा नफा म्हणून दाखवली तर माफ. कागद बदलले, काम तेच. ही सवलत घेणारे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले, यात नवल ते काय?

२०१४ च्या आर्थिक वर्षात महसूल सुमारे ७० कोटी डॉलरनी घसरला. रस्त्यांचा निधी इकडेतिकडे वळवला गेला. २०१५ मध्ये विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के झाला, आणि तो गरिबालाही चुकत नाही. शेवटी जून २०१७ मध्ये ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ही कपात बहुतांशी मागे घेतली.