इंदापूर-भीमथडीचा कुणबी पूर्वज आणि त्याचा काळ

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कुणबी घरात वंशावळ तोंडी मिळते ती फार तर खापरपणजोबांपर्यंत. त्यामागचा माणूस भेटतो तो मोडीतल्या कागदांत, ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) एवढाच. आडनाव बहुधा नसतेच. तो ओळखायचा तर आधी त्याचा काळ कळायला हवा.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली शेतसाऱ्याची आकारणी इतकी जाचक ठरली की कित्येकांनी जमिनी टाकून गाव सोडले. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची नवी पद्धत इंदापुरात लागू झाली: शेताला नंबर, खातेदाराचे नाव आणि ३० वर्षे सारा कायम. साध्या कुणब्याचे नाव सरकारदप्तरी पक्के चढले ते तेव्हा. मुदत संपल्यावर सारा वाढला, आणि अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव नेमके त्याच सुमारास कोसळले.

घराची खरी हालत कळते ती कर्जरोख्यांतून. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे. म्हणून सावकार मुदत भरण्याआधीच व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. एकाच घराचे चढत्या रकमांचे चार रोखे सापडले, तर पूर्वज उधळ्या होता असे कृपा करून समजू नका. बहुतेकदा ते एकच कर्ज असते. खाली सही नसते. नांगराची छोटी आकृती आणि शेजारी लिहिणाऱ्याच्या अक्षरात ‘निशाणी नांगर’. बाई असेल तर बांगडी.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतावण्या जाळल्या. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. या वर्षांत एखादे घर गावच्या कागदांतून नाहीसे झाले, तर ते निर्वंश झाले असे लगेच धरू नये. माणसे पोटामागे दुष्काळी कामांवर गेली, परमुलखात गेली, काही परतली.

पुढच्या काळासाठी तहसीलमध्ये जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही), मागावे. बायकांचा माग मात्र फार अवघड. कागदात त्या ‘कोम’ पुढे नवऱ्याचे नाव लावून येतात, तेही जमिनीचा किंवा वारसाचा प्रश्न उभा राहिला तरच. त्यासाठी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे जावे. गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढतात, आणि तीर्थाला आलेल्या घरच्या माणसांत कधी कधी आजी-पणजीचे नावही निघते.